रिचार्जेबल पेन्सिल सेल घरात वापरावेत का? आधी एकदा हात पोळलेत

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत टीव्हीखालचा ड्रॉवर उपसला आणि त्यातनं संपलेले सेल निघायला लागले, धाकट्यानं एकेक करून फरशीवर उभे केले आणि मोजले तर ४३. हे फक्त ड्रॉवरमधले, घंटागाडीत गेलेले वेगळेच. त्यातले पाच-सहा फुटून चिकट पाणी सुटलेलं, एका जुन्या रिमोटच्या स्प्रिंगा पार हिरव्या पडलेल्या. त्या दिवसापासनं ते डोक्यातनं जाईना झालंय म्हणून इथं विचारतो.

घरात आम्ही सहा जण. सेलवर चालणाऱ्या वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा मोजल्या: आईचं बीपीचं मशीन (४ सेल, रोज दोन वेळा बघतो, महिना-दीड महिन्यात बॅटरीचं चिन्ह यायला लागतं), धाकट्याची रिमोटची गाडी (गाडीत ४, सुट्टीत आठवडापण निघत नाही), बाबांचा रेडिओ, बाथरूममधला गॅस गिझर (२ मोठे सेल), भिंतीवरची चार घड्याळं, टीव्ही, एसी आणि तीन पंख्यांचे रिमोट, माझा माऊस, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन बॅटऱ्या (उजेडाच्या). दर पंधरा दिवसांनी दुकानातनं सेलचं पाकीट येतंच.

आता आधीचा अनुभव सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर असा संच घेतला होता. पहिले काही महिने बरे चालले. नंतर रात्रभर चार्ज करून ठेवायचे आणि पंधरा दिवसांनी लग्नाला नेले की दहा फोटोत कॅमेरा बंद. शेवटी वैतागून ड्रॉवरमधे टाकले, त्या ४३ मधे तेपण चार होते. तेव्हापासनं घरात रिचार्जेबल म्हटलं की बायको नको म्हणते आणि तिचं काही चुकत नाही.

पण दर महिन्याला एवढे सेल फेकायचे हे मनाला पटत नाही. घंटागाडीवरच्या बाई हातानं कचरा वेगळा करतात, त्यात हे फुटके सेल जातात. म्हणून विचारतोय, आता हे सेल सुधारलेत का, ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात मग वस्तू नीट चालतात का, चार्जर कुठला बघून घ्यायचा आणि आईच्या बीपी मशीनला घातले तर आकडे चुकीचे येणार नाहीत ना? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

फ्लॅशवाला, मिरज

दादा मी लग्नाचे फोटो काढतो, १८ वर्षं झाली, एका फ्लॅशमधे ४ सेल आणि सीझनला असे तीन फ्लॅश, त्यामुळं या विषयात माझे पैसे आणि घाम दोन्ही गेलंय, सविस्तर लिहितो.

तुमचे जुने सेल का मेले ते आधी. त्या वेळचे साधे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी आपोआप उतरायचे, महिन्याभरात पाव हिस्सा सहज जायचा आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे पंधरा दिवसांनी लग्नाला नेले तेव्हा ते भरलेले नव्हतेच. २००५ साली सान्यो कंपनीनं एनेलूप म्हणून सेल काढले, ते चार्ज करून वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज टिकून राहतो. आता तशा जातीचे सेल बऱ्याच कंपन्यांचे मिळतात, पाकिटावर आधीच चार्ज केलेले, पाकिटातनं काढा आणि वापरा असं लिहिलेलं असतं. ज्याच्यावर आधी चार्ज करा मग वापरा असं लिहिलंय ते बहुतेक जुन्या पद्धतीचे. घरासाठी फक्त पहिल्या जातीचेच घ्या.

दुसरं कारण चार्जर, आणि माझ्या मते खरा खुनी तोच. संचाबरोबर फुकट येणारा चार्जर सेल भरला का रिकामा आहे हे बघतच नाही, करंट सोडत राहतो. रात्रभर लावला की सकाळी सेल हाताला चटका देतात, ते गरम होणं म्हणजेच सेल मरणं. शिवाय तो दोन-दोनची जोडी करून चार्ज करतो, त्यात एक सेल अर्धा भरलेला आणि एक रिकामा असला की पहिला जास्त चार्ज होतो आणि दुसरा कधी पूर्ण भरतच नाही. चांगल्या चार्जरमधे प्रत्येक सेलला वेगळा दिवा किंवा वेगळा आकडा असतो, एक सेल एकटा लावला तरी चार्ज होतो आणि भरला की त्याचं घर (सेल बसवायची खाच) आपोआप बंद होतं. दुकानात एवढंच विचारायचं, तीन सेल लावले तर चालतं का? नाही म्हणाला तर ठेवून द्यायचा. २००० एमएएचचा सेल (एमएएच म्हणजे सेलमधे किती चार्ज मावतो त्याचा आकडा) ५०० मिलिअँपिअरच्या करंटनं चार-पाच तासात भरतो, २०० नं लावला तर बारा तास. तासाभरात भरतो म्हणणाऱ्याच्या मागं घरच्या वापरात लागू नका.

व्होल्टेजचं बऱ्याच जणांना भ्या वाटतं. एकदाच वापरायचा अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होतो हे खरं पण काम करायला लागला की खाली खालीच येत जातो, अर्ध्या आयुष्यात तोपण १.२ च्या आसपासच असतो. रिचार्जेबल सेल १.२ वर उभा राहतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथंच राहतो, मग एकदम खाली येतो. त्यामुळं जी वस्तू जास्त करंट ओढते, म्हणजे मोटर, फ्लॅश, तिथं हा सेल भारी चालतो. अल्कलाइनवर माझा फ्लॅश अक्षता पडायच्या ऐन वेळी पुन्हा भरायला सात-आठ सेकंद घ्यायचा, यांच्यावर त्याच्या निम्म्यात तयार.

आणि एक सवय लावा, चार सेल घेतले की मार्करनं त्यांच्यावर अ१ अ२ अ३ अ४ लिहायचं, पुढच्या संचावर ब. एका वस्तूत एकाच संचाचे सेल, एकदमच घालायचे आणि एकदमच काढायचे. नवा-जुना मिसळला की कमजोर सेल आधी संपतो आणि बाकीचे तीन त्याला उलटा चार्ज करतात, तो सेल तिथंच गेला समजा. पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये वगैरे जे सांगतात ते जुन्या कॅडमियमवाल्या सेलचं, यांना अर्ध्यातनं चार्ज केलं तरी चालतं.

साताऱ्याच्या बाई

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे, शाहूपुरीत राहते. फ्लॅशवाल्यांनी छान सांगितलंय पण बीपी मशीनबद्दल मला वेगळंच वाटतंय.

रोज दोन वेळा म्हणजे महिन्याला साठ वेळा. घरगुती बीपी मशीनच्या माहितीपत्रकात नव्या अल्कलाइन सेलवर शेकड्यांनी, काही मॉडेलांत तर हजारभर वेळा मोजता येतं असं दिलेलं असतं. मग तुमचे सेल महिन्या-दीड महिन्यात कसे संपतात? तुम्ही त्यात बहुतेक साधे झिंक कार्बनचे सेल घालताय. तो पट्टा फुगवायला आत पंप असतो, त्याला एकदम मोठा करंट लागतो आणि साध्या सेलला तो देता येत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि मशीनला वाटतं सेल संपले. बाहेर काढून तेच सेल घड्याळात घाला, सहा महिने चालतील.

ओळखायचं कसं तर सेलवर बारीक अक्षरात एक खूण असते. नुसतं आर ६ असेल तर साधा झिंक कार्बन, एलआर ६ असेल तर अल्कलाइन, एचआर ६ असेल तर रिचार्जेबल निकेलवाला. बारीक पेन्सिल सेलला ६ च्या जागी ०३ आणि मोठ्या सेलला २०. रंगावर आणि नावावर जाऊ नका, एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार असतात, खूण वाचा.

आईसाठी म्हणून सांगते, माहितीपत्रकात अल्कलाइन घाला लिहिलं असेल तर तेच घाला, किंवा त्या मशीनचा स्वतःचा ॲडॅप्टर मिळत असेल तर तो घ्या, सेलची कटकटच संपली. १.२ व्होल्टच्या सेलवर बऱ्याच मशीनना बॅटरीचं चिन्ह लवकर येतं कारण ते अल्कलाइनच्या हिशोबानं लावलेलं असतं. औषधाचा डोस ज्या आकड्यावर ठरतो तिथं प्रयोग नको. इथं पैसे वाचवायचेच नाहीत.

आता परवडण्याचं गणित, पोरांना फळ्यावर करून दाखवायचे तसं करते. गाडीला आठवड्याला ४ सेल म्हणजे वर्षाला २०० च्या वर, पंधरा रुपये धरला तरी तीन हजार. चांगले चार सेल आणि चार्जर मिळून अडीच हजारापर्यंत येतात, म्हणजे पहिल्याच वर्षात वसूल आणि ते शेकडो वेळा चार्ज होतात. विजेचा खर्च तर धरायलाच नको, एक सेल भरायला नुकसानासकट पाच वॉट-तास धरले तरी एका युनिटमधे दोनशे सेल भरतात. उलट टीव्हीच्या रिमोटला वर्षाला दोन सेल, तीस रुपये. त्यात सहाशे रुपयांची जोडी घातली तर वीस वर्षं लागतील वसूल व्हायला, तेवढ्यात टीव्ही दोनदा बदलेल. भिंतीवरचं घड्याळ तर मिलिअँपिअरच्याही अंशात करंट घेतं, तिथं साधा सेल उत्तम, फक्त वर्ष झालं की तो चालू असला तरी काढा. झिंक कार्बन सेलचं बाहेरचं डबडंच झिंकचं असतं, वापर होईल तसं तेच झिजतं आणि शेवटी भोक पडून पाणी सुटतं. तुमच्या रिमोटचं तेच झालंय.

आमच्या लहानपणी सेल संपला की उन्हात ठेवायचे, दातानं चावायचे, नाहीतर फोडून आतली काळी कांडी काढून फरशीवर लिहायचे. उन्हात ठेवून थोडा वेळ चालायचा हे खरं, पण चावणं आणि फोडणं मात्र आजच्या मुलांना करू देऊ नका.

कुपवाडचा फिटर

गिझरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी गिझर आणि शेगडी रिपेरीचं काम करतो. गॅस गिझरला रिचार्जेबल घालू नका मालक. दोन सेलचे ३ व्होल्ट मिळतील या हिशोबानं त्याचं सर्किट आणि गॅसचा व्हॉल्व्ह असतो, रिचार्जेबलचे २.४ च होतात. काही गिझर चालतात, काही नुसते टकटक करतात आणि पेटत नाहीत, हिवाळ्यात सकाळी तर नाहीच. त्या मोठ्या मापाचे रिचार्जेबल महागपण फार आणि पेन्सिल सेल मोठ्या डबीत घालून विकतात ते ओलाव्यात टिकत नाहीत. एलआर २० वाले दोन घाला, दोन्ही एकदम बदला, आणि बदलताना डबीतले पत्रे सँडपेपरनं घासून घ्या. निम्म्या तक्रारी सेलच्या नसतातच, पत्रे गंजलेले असतात.

पण तुम्ही लिहिलंय बाथरूममधला गॅस गिझर. तो बाथरूमच्या आत आहे का? असेल तर सेलचं राहू द्या आधी तो बाहेर काढा. खिडकी बंद असली की आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करताच पडतो. गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून आत फक्त पाण्याची पाइप न्यायची. हे काम टाळू नका, घरात म्हातारी माणसं आणि पोरं आहेत.

ऊसवाला, कराड

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला मळ्यात जावंच लागतंय, उसात साप असतोय आणि आता बिबट्याचं पण ऐकायला येतंय, त्यामुळं बॅटरी म्हणजे आमच्यासाठी जिवाची गोष्ट हाय. पयल्यांदा तीन मोठ्या सेलची होती, महिन्याला सेल. मग दुकानातली चार्जिंगची घेतली, त्यात आत लेड ॲसिडची छोटी बॅटरी असते, ती एकदा उतरलेली तशीच चार-पाच महिने पडली की परत उठत नाही, अशा दोन गेल्या. ती घेतली असंल तर वापरा न वापरा महिन्याला एकदा चार्ज करायचीच.

आता लिथियमवाली हाय, त्यात १८६५० नावाचा बोटाएवढा सेल असतोय. पण सेल वेगळा घेताना सांभाळून, बाजारात ९८०० एमएएच लिहिलेले सेल स्वस्तात मिळतात, ते सगळं खोटं, त्या मापाच्या सेलमधे साधारण ३५०० च्या वर बसतच नाही. हातात घेतला की कळतंय, खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो, खोटा हलका लागतो. भावकीतल्या एकानं तसले दोन आणले, तासाभरात उजेड पिवळा. रात्री बाराला पाटात उभं असताना असं झालं तर काय करायचं माणसानं.

माईकवाला, विटा

कीर्तन, हरिपाठ, लग्न, वाढदिवस सगळीकडं आमचे कॉर्डलेस माईक असतात, एका माईकला २ पेन्सिल सेल. निकेलवाले सेल घालून चार वर्षं झाली, दोन तासांचं कीर्तन आरामात निघतं, मधे सेल बदलत नाही.

ते यूएसबीची वायर थेट सेललाच लावून चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल आलेत त्याबद्दल सांगतो, कारण आज ना उद्या दुकानदार तेच दाखवणार. त्याच्यात आत लिथियमचा सेल असतो ३.७ व्होल्टचा आणि एक बारीक सर्किट त्याचे १.५ करून देतं. शेवटपर्यंत १.५ च देतं आणि संपला की फट् करून बंद, कसलीच सूचना नाही. महाराज अभंगाचं चरण घेतायत आणि माईक गेला, असं माझ्या बाबतीत झालंय, परत कीर्तनाला घातले नाहीत. शिवाय त्या सर्किटची किरकिर रेडिओत येते, तुमचे बाबा मीडियम वेव्हवर ऐकत असतील तर नक्की जाणवेल. आणि त्यावर मोठा आकडा छापतात ३००० वगैरे, ते एमएएच नसून एमडब्ल्यूएच (मिलिवॉट-तास) असतं, त्याला दीडनं भागा म्हणजे खरे २०००. जिथं १.२ वर वस्तू अडते तिथं ते उपयोगी आहेत, म्हणजे वाईट नाहीत, पण रेडिओ, माईक आणि घड्याळ सोडून.

सांगलवाडीची

सगळ्यांचं पटतंय पण मला एक सांगायचंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या गच्चीवर होतो, वरच्या मजल्यावर सासऱ्यांना धरून नऊ माणसं, लाईट नाही, मोबाईल दुसऱ्या दिवशी संपले. आमची चार्जिंगची बॅटरी पहिल्या रात्रीतच गेली आणि चार्ज कुठं करायची? शेजारच्या आजींकडं जुनी दोन सेलची बॅटरी आणि न फोडलेलं सेलचं पाकीट होतं, त्याच्यावर आम्ही बाकीच्या रात्री काढल्या, होडी आली तेव्हा त्याच उजेडानं हात केला.

म्हणून रिचार्जेबल जरूर वापरा पण कृष्णाकाठच्या घरात अल्कलाइनचं एक पाकीट कायम पाहिजेच. आम्ही कागदपत्रांच्या पिशवीत प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवतो, बॅटरीच्या आत घालून नाही, आत घातलेले फुटतात आणि नेमकी वेळेला बॅटरी पेटत नाही. सेलवर साल छापलेलं असतं तेवढं बघायचं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा तीच पिशवी उचलून निघालो.

फ्लॅशवाला, मिरज

ताई तुमचं शंभर टक्के बरोबर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी यात एवढंच घालतो की मृगाच्या आधी घरातले सगळे रिचार्जेबल संच एकदा पूर्ण भरून डब्यात ठेवा, नव्या जातीचे सेल पावसाळाभर भरलेलेच राहतात. अल्कलाइनचं पाकीट मात्र पाहिजेच.

विश्रामबागकर दादा, त्या रिमोटच्या हिरव्या स्प्रिंगांचं पण सांगतो. अल्कलाइन फुटला असेल तर पांढरी पूड दिसते, ते अल्कली असतं, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा. साधा सेल फुटला असेल तर पाणी आम्लाचं, तिथं खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग कोरड्या कापडानं पुसून दिवसभर उघडं ठेवा. हातात मोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका.

दोन पिल्लांची आई, वाळवा

वजनकाटा म्हणालात तर त्यात बहुतेक नाण्यासारखा चपटा सेल असेल, सीआर २०३२. तो रिचार्ज होत नाही, चार्जरला लावायचा प्रयत्न करू नका. आणि हा सेल लहान मुलानं गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतनं भाजायला लागतं, मूल वरून ठीक दिसत असतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा, पोटातनं पडेल म्हणून थांबायचं नाही. माझ्या भाचीनं किल्लीतला तोंडात घातला होता, वहिनीनं वेळेत बोट घालून काढला. त्या दिवसानंतर आमच्या घरात ज्याचं झाकण स्क्रूचं नाही ती वस्तू खालच्या कप्प्यात राहत नाही.

विश्रामबागकर, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. बाई, तुमचं तंतोतंत खरं निघालं, बीपी मशीनमधले सेल काढून चष्मा लावून वाचले तर आर ६. एवढी वर्षं मी आईच्या मशीनमधे घड्याळाचे सेल घालत होतो. आज अल्कलाइन घातले, ॲडॅप्टरचीपण चौकशी केलीय.

आता एकच राहिलं, हे ४३ सेल टाकायचे कुठं?

साताऱ्याच्या बाई

घरातल्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत हे नक्की, ओला-सुका वेगळा करतो तसा घरगुती घातक कचरा हा वेगळा प्रकार आहे, त्यात सेल येतात. ऑगस्ट २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत, आधीचे फक्त लेड ॲसिड बॅटऱ्यांसाठी होते, आता पेन्सिल सेलसकट सगळे प्रकार धरलेत आणि वापरलेले सेल परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय. सेलवर चाकाच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चित्र असतं ते त्याचंच. महापालिकेच्या आरोग्य विभागात ई-कचरा कधी घेतात ते विचारा, मोबाईल-लॅपटॉपच्या मोठ्या दुकानांतपण पेटी असते बऱ्याच ठिकाणी. तोपर्यंत कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. रिचार्जेबल, लिथियम आणि चपट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, ते एकमेकांना टेकले की गरम होतात. फुटलेले वेगळ्या पिशवीत. पेटवून बघणं, जमिनीत पुरणं, विहिरीत टाकणं यातलं काही करू नका.

विश्रामबागकर, सांगली

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर होईल म्हणून.

आठ निकेलवाले सेल आणि चार घरांचा चार्जर घेतला, तीन सेल लावून दाखवा म्हटलं तर दुकानदारानं लगेच दाखवलं. चार गाडीत, दोन रेडिओत, एक माऊसमधे, एक हाताशी. गाडीचा संच आत्तापर्यंत चार वेळा चार्ज झाला, धाकटा स्वतः अ१ ते अ४ शोधून लावतो आणि दिवा हिरवा झाला का बघायला दर दहा मिनिटांनी उठतो. बाबांचा रेडिओ सकाळी आकाशवाणी सांगली लागल्यापासून दुपारपर्यंत चालू असतो, अजून पहिल्याच चार्जवर आहे. बायकोनं अजून हो म्हटलं नाही पण पंधरवड्याचं पाकीट यादीतनं तिनंच खोडलं. घड्याळं, रिमोट साधेच ठेवलेत, नवीन सेलवर तारीख लिहून. अल्कलाइनचं एक पाकीट कागदपत्रांच्या पिशवीत गेलं. वजनकाट्याचं झाकण स्क्रूचं नव्हतं, तो वरच्या फळीवर ठेवला.

गिझर बाथरूमच्या आतच होता. रविवारी बाहेर गॅलरीत काढून घेतोय, तोवर पाणी चुलीवर तापवतोय.